वजनमाप

अप्पासाहेब पिंपुटकर, चौऱ्याहत्तर किलो.
उजवी बाजू झोपलेली, ती स्वतःचा भार घेत नाही,
म्हणून हाताला ते जास्तच भरतात.
ओले असले की आणखी.

कंपूतल्या या घराची फरशी मला पाठ आहे,
म्हणजे आता पाठीलाच.
न्हाणीच्या उंबऱ्याशी लाल दगडाची पट्टी,
तीन पिढ्यांच्या टाचांनी गुळगुळीत केलेली.
सूनबाई तिच्यावर सकाळी सातला फिनेल ओततात.
मी येते सातला पाच कमी असताना,
चपला बाहेर काढून. घराचा नियम.

एजन्सीनं दोन दिवस शिकवलं होतं.
गुडघे वाकवा, कंबर नको,
असं म्हणत एका रिकाम्या खुर्चीला मिठी मारायला लावलं.
खुर्ची घाबरत नव्हती.
खुर्चीनं माझी वेणी धरली नव्हती कधी.

मंगळवारी धरली.
पाय गेला तेव्हा एवढंच सुचलं,
खाली आपण असावं.
हे कुणी शिकवलं नव्हतं.
आधी माकडहाड, मग उजवं मनगट,
मग कानामागं नळाची तोटी,
आणि सगळ्यांत शेवटी वरून ते, सावकाश,
दुकानदार पारड्यात शेवटची मूठ टाकतो तसे.

थोडा वेळ आम्ही दोघं छताकडं बघत राहिलो.
बादली भरून वाहत होती.
त्यांच्या छातीची धडधड माझ्या बरगडीत.
मला पगाराची तारीख आठवली.

सूनबाई धावत आल्या : अप्पांना लागलं का?
एजन्सीच्या भदौरियांचा फोन : सर तो ठीक हैं ना?
ठीक आहेत, म्हटलं मी, फरशीवरूनच.

अर्जात रकाना आहे : रुग्ण पडला का. नाही.
रुग्णास इजा. नाही.
पडणारं तिसरं कुणी असेल, असा रकाना नाही.
खाली शेरा : अटेंडंटचा पाय किंचित घसरला.
तो मी लिहिलेला नाही.
सही तेवढी माझी, कुंदा रेवडकर,
डाव्या हातानं केल्यामुळं दुसऱ्या कुणाची वाटते.

जयारोग्यमध्ये एक्स-रेच्या रांगेत अडीच तास उभी होते.
बसता येत नव्हतं, त्यामुळं सोपं गेलं.
पुढची बाई मुरारची. तीही एका आजींना सांभाळते.
जिन्यावरून आली म्हणाली, बेडपॅनसकट.
हसलो आम्ही.
हसताना दोघींनाही कुठंतरी दुखलं, वेगवेगळ्या जागी.

चौथ्या दिवशी कामावर.
हजिऱ्याहून टेंपोत आता उशी घेऊन बसते,
लोकांना वाटतं बाळंतीण आहे.

अप्पासाहेब एकोणतीस वर्षं वजनमापे खात्यात निरीक्षक होते.
दौलतगंजात त्यांची सायकल दिसली
की पारड्यांच्या तळाचं मेण खरवडलं जायचं म्हणे.
आता आठवड्याला एखादा शब्द निघतो.
बहुतेक "पाणी".
कधी बायकोचं नाव, ती असल्यासारखं.

काल अर्जाची प्रत पलंगावर राहिली,
गोळ्यांच्या डब्याखाली.
मी उभ्या उभ्या त्यांच्या पायाला तेल लावत होते.
त्यांनी डाव्या हातानं कागद ओढला, डोळ्यांशी नेला.
खूप वेळ.
लाळ हनुवटीवर आली तरी मी पुसली नाही,
वाचणाऱ्या माणसाला मध्येच हात लावू नये.
मग बोट एका शब्दावर येऊन थांबलं. "किंचित".
जबडा हलला. पुन्हा हलला.

"कमी," म्हणाले.
मला वाटलं पंखा. जाऊन कमी केला.
त्यांनी मान हलवली, बोट कागदावर आपटलं.
"कमी... भरलंय."

आणि चाचपू लागले छातीवर डावीकडं,
जिथं सरकारी शर्टाचा खिसा असायचा, पेनाचा.
अंगात बनियन होतं.
हात तरी शोधत राहिला.